तीन गोळ्यांचा पुरावा

नाचता येईना म्हणून अंगणाला वाकडं म्हणणारा माणूस आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो दोन शब्द बोलतो, घरी जातो आणि विषय संपतो. अमेरिकेतला हॅंडलोडर मात्र तोंडी आरोपावर थांबत नाही. तो अंगण मोजायला व्हर्नियर आणतो, वाकडेपणा इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदवतो, वहीत आलेख काढतो आणि पुढच्या शनिवारी नवं अंगण घेऊन हजर होतो. नाच तोच. हॅंडलोडर म्हणजे आपल्या रायफलची काडतुसं घरीच भरणारा शौकीन. एकदा उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी तो रेंजवरून वाकून वाकून गोळा करतो, साच्यात दाबून पुन्हा मापात आणतो, तिच्या बुडात ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवतो, आत बारूद ओततो आणि तोंडावर गोळी दाबून बसवतो. वस्तू चारच, पण त्यांनी ओहायोपासून माँटानापर्यंत असंख्य गॅरेजं अशी काही भरली आहेत की मोटारी वर्षानुवर्षं पावसात उभ्या आहेत. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करणं हा गुन्हाच आहे, त्यामुळे मराठी माणसाचं हे व्यसन लागण्याआधीच सुटलेलं आहे. व्यसनामागच्या स्वभावाला मात्र कुठल्याच देशात परवाना लागत नाही. तेव्हा आपण परक्या गॅरेजात डोकावतोय, असं समजून वाचायला हरकत नाही. समज कुठवर टिकते ते पाहू.

दुखण्याची सुरुवात नेहमी सारखीच होते. शंभर यार्डांवर कागद लावलेला असतो. पुस्तकात दिलंय तसं भरलेलं काडतूस, वाळूच्या पिशव्यांवर टेकवलेली रायफल, वर हजार-दीड हजार डॉलरांची दुर्बीण. सगळ्या गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जातील अशी अपेक्षा असते, आणि त्या झाकायला बशी लागते. इथे तपास सुरू होतो. पहिला संशय बारुदावर. बारूद ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन मावतात. चांगल्या दुकानात मिळणारा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो, म्हणजे गुंजेचा अठरावा-एकोणिसावा हिस्सा. सोनाराला एवढ्यावर लक्षाधीश होता आलं असतं, पण या गृहस्थाला ते ढोबळ वाटतं. तो असा काटा मागवतो की बारुदाचा एक दाणा पडला तरी आकडा हलेल, आणि मग चिमट्याने एकेक दाणा उचलून टाकत बसतो. ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांचा पसारा, बशीएवढंच राहतं. मग प्रायमरची कंपनी बदलली जाते. मग पुंगळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या केल्या जातात. मग पुंगळीच्या मानेची जाडी सगळीकडून सारखी नाही, असं ध्यानात येतं, आणि मान तासायचं यंत्र येतं. तासलेली मान पुन्हा पुन्हा दाबून कडक झाली म्हणून ती तापवून मऊ करायचं विजेचं यंत्र येतं, ते हजार डॉलरांच्या वर. गोळी पुंगळीत सरळ बसली की किंचित कलली, हे पाहायला आणखी एक मापक येतं. शेवटी गोळी नळीतल्या आट्यांपासून किती हजारांश इंच मागे बसवायची, या प्रश्नावर हिवाळा निघून जातो. दारात बायको उभी राहते. “जेवायला येणार आहेस का?” “पुंगळ्यांच्या माना एकसारख्या नाहीत.” “तुझी बरी आहे ना? सकाळपासून वाकलेली आहे.”

या सगळ्या धडपडीत एक शिस्त दिसते आणि माझं म्हणणं त्या शिस्तीबद्दल आहे. संशयितांची रांग शक्यतेच्या क्रमाने लागत नाही. जी वस्तू विकत मिळते ती रांगेत पुढे. जी विकत मिळत नाही ती मागे. आणि चाप ओढणारं बोट रांगेतच नाही, कारण ते फिर्यादीचं आहे. नेम चुकण्याची कारणं शोधताना माणूस जो नेम धरतो, तो त्याच्या रायफलपेक्षाही वाईट असतो. रायफल निदान कागदावर तरी कुठेतरी लागते. दोष शोधणारा मात्र शेजारच्या लेनमधल्या कागदावर गोळ्या झाडत राहतो आणि ग्रुपिंग छान आलं म्हणून खूश होतो. हा आरोप जरा कडक वाटेल, म्हणून पुरावा तपासू. विनोदी लेखकांचीही अशीच एक रांग असते, हे आधीच सांगून टाकतो: लेख हसवत नसेल तर आधी मथळा बदलावा, मग संपादक, मग वाचक.

बिघडलेली रायफल घेऊन एखाद्या जुन्या, अनुभवी बंदूकमिस्त्रीकडे गेलं तर तो काडतुसाकडे पाहतही नाही. तो आधी दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू हलवून बघतो, मग नळीचा सांगाडा लाकडी दस्त्याला जोडणारे स्क्रू. दर गोळीच्या धक्क्याने दुर्बीण केसभर सरकत असेल, तर बारुदाचा दाणा चिमट्याने उचलणं हे पुण्यकर्म असलं तरी उपाय नव्हे. मग तो नळी आणि दस्ता यांच्यामधली फट तपासतो. बऱ्याच रायफलींची नळी दस्त्याला स्पर्श न करता मोकळी असावी लागते; कुठे टेकली की तापल्यावर एका बाजूला रेटली जाते आणि गोळ्या रांग लावून सरकत जातात. ही तपासणी कशी करायची? एक डॉलरची नोट घ्यायची आणि नळीखालून सरकवत मागपर्यंत न्यायची. नोट अडली नाही तर नळी मोकळी आहे. या छंदातली ही सर्वांत स्वस्त चाचणी, कारण शेवटी डॉलर परत मिळतो. नेमक्या याच कारणाने तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ज्या उपायाची पावती नाही तो उपाय कसला? हेच यंत्र पिवळ्या प्लास्टिकचं करून, त्यावर ‘अचूक फटमापक’ असं छापून चाळीस डॉलरला विकलं, तर निम्म्या रायफली एका आठवड्यात सुधारतील, अशी माझी खात्री आहे.

यावर जाणकार म्हणतील की तुम्ही आळशांची उदाहरणं घेताय. गंभीर माणूस स्क्रू आवळूनच पुढे जातो. मान्य. मग गंभीर माणसाचंच उदाहरण घेऊ, आणि याहून गंभीर माणूस मिळणार नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मान हे शिक्षणाने वैद्य. पैसा मिळवला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कापायचं यंत्र विकून. हाडांवर मिळालेला हा पैसा त्यांनी गोळ्यांवर घातला. आपल्या चुका रायफलच्या माथी येऊ नयेत म्हणून त्यांनी स्वतःला प्रयोगातून काढूनच टाकलं: जमिनीत काँक्रीटचा भक्कम ठोकळा रोवला, त्याला ‘शूटिंग जिब्राल्टर’ असं नाव दिलं आणि नळी त्यावर बसवली. वाऱ्याचा दोष नको म्हणून शंभर यार्ड कापडाने आच्छादून घेतले. गोळी वाटेत कशी डुलते हे कळावं म्हणून मार्गात कागदी पडदे लावले. ऋतूंमागून ऋतू गेले. १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ आला, आणि त्यात एक मोलाची गोष्ट हाती लागली: गोळीचं बूड वाकडं असेल किंवा गोळीचं वजन मध्यावर नसेल तर ती भरकटते. म्हणजे गोळी नीट निवडा आणि नळीचं तोंड जपा. एवढं करूनही थोडी चूक उरलीच, जिचं कारण कळेना. मान यांनी तिला ‘एक्स’ चूक असं नाव दिलं. काँक्रीटचा डोंगर, कापडाचा बोगदा आणि उभं आयुष्य खर्चून एक विद्वान माणूस ‘थोडं कळलं, थोडं नाही’ असं छापतो. आजचा हॅंडलोडर घडीच्या टेबलावर कोपर टेकून, डाव्या बाजूने वारा घेत तीन गोळ्या झाडतो आणि घरी येऊन सांगतो, “कारण सापडलं. प्रायमर होता.”

तीन गोळ्या. माझ्या मते सगळ्या पापाचं मूळ हा आकडा आहे. काडतुसाच्या दर बदलानंतर तीन गोळ्या झाडायच्या, भोकांमधलं सर्वांत लांबचं अंतर मोजायचं आणि निकाल द्यायचा, ही इथली न्यायपद्धती. हिशेबाला बसलं तर ती फार विनोदी निघते. समजा एखादी रायफल तीन गोळ्यांचं सरासरी एक इंचाचं ग्रुपिंग देते. याच रायफलने, त्याच काडतुसाने, काहीही न बदलता झाडत राहिलं तर कधी अर्ध्या इंचाचं ग्रुपिंग पडेल, कधी दीड इंचाचं. दोन्ही निव्वळ योगायोगाने. दहा गोळ्या झाडल्या तर तोच पसारा साधारण एक इंच साठपर्यंत जाईल, कारण जास्त गोळ्यांना दूर जायची जास्त संधी मिळते. आता हॅंडलोडर बारुदाची दहा वेगवेगळी वजनं भरून प्रत्येकाच्या तीन गोळ्या झाडतो. दहांपैकी एकाचं ग्रुपिंग अर्ध्या इंचाच्या आसपास येतं. आनंदाश्रू येतात, वजन वहीत लाल शाईने लिहिलं जातं, काडतुसाला जवळजवळ नाव ठेवून बारसं होतं. पण एखाद्या खट्याळ मित्राने रात्री गॅरेजात शिरून दहाही डब्यांत एकच वजन भरून ठेवलं असतं, तरीही एक विजेता निघालाच असता आणि लाल शाई लागलीच असती. पुढच्या शनिवारी तेच विजयी काडतूस एक इंच देतं. मग संशयित रांगेने पुन्हा हजर: तेव्हा थंडी होती, आज दमट आहे, बारुदाचा डबा उघडा राहिला. योगायोग परत आपल्या सरासरीवर आला, एवढं साधं कारण कोणाच्या वहीत नसतं.

याहून काटकसरी पंथही आहे. क्रायटन ऑडेट या अमेरिकन नेमबाजाच्या नावाने ओळखली जाणारी ‘शिडी’ची चाचणी दूरच्या लक्ष्यावर, बारूद थोडं थोडं वाढवत, प्रत्येक वजनाची फक्त एकेक गोळी झाडायला सांगते. ज्या ठिकाणी लागोपाठच्या दोन-तीन गोळ्या उंचीला जवळ पडतात, तिथे बारुदाचं वजन जरा इकडेतिकडे झालं तरी चालतं, असा तर्क. कल्पना बुद्धिमान आहे. अडचण एवढीच की एका गोळीकडून इतकी मोठी साक्ष घेतली तर साक्षीदार हवं ते बोलतो. आणि तीन गोळ्या तरी खरंच तीन असतात का? रेंजवरचा संवाद ऐकावा. “कसं आलं ग्रुपिंग?” “अर्धा इंच.” “अरे, पण इथे तर पाच भोकं दिसतायत, दीड इंचात.” “ते वरचं धरू नकोस, ती गोळी भरकटलेली.” “आणि खालचं?” “नळी गार होती तेव्हाचं.” उरली ती तीन, आणि ती खरोखर सुरेख जवळजवळ आहेत. खरी ठरलेली भाकितं तेवढी लक्षात ठेवायची, उरलेल्या वेळी जन्मवेळ चुकीची दिली होती असं म्हणायचं, या ज्योतिषाच्या पद्धतीशी या नोंदवहीचं नातं सख्खं आहे. फरक इतकाच की ज्योतिषी निदान दुसऱ्याला फसवून दक्षिणा घेतो; हा स्वतःला फसवून वर पैसे भरतो.

यावर एक आक्षेप फार तावातावाने येतो: कागद खोटं बोलत नाही, बारीक ग्रुपिंग पडलं ते पडलं. पडलं खरंच. शंभर यार्डांवर पाच गोळ्या ०.००९ इंचात बसवण्याचा मॅक मॅकमिलन यांचा १९७३ चा विक्रम चाळीस वर्षं टिकला, आणि २०१३ मध्ये माइक स्टिनेट यांनी तो ०.००७७ वर नेला. पाचही गोळ्या जणू एकाच भोकातून, मागच्याने पुढच्याची वाट न मळवता गेल्या. पण रायफल टेकवून नेम धरायच्या ज्या बेंचरेस्ट खेळात हे विक्रम होतात, तिथली मंडळी स्पर्धा कशावर जिंकतात? एका ग्रुपिंगवर नाही. अनेक ग्रुपिंगांच्या सरासरीवर. जगातल्या सर्वांत अचूक रायफली बाळगणारे लोक एका सुंदर भोकावर भरवसा ठेवत नाहीत, आणि ज्याची रायफल बशीएवढं पसरते तो मात्र पाकिटात कागदाचा कापलेला तुकडा बाळगून हिंडतो. गंमत म्हणजे याच बेंचरेस्टवाल्यांपैकी पुष्कळजण बारूद काट्यावर तोलत नाहीत. मापक फिरवून सरळ पुंगळीत ओततात. मात्र रेंजवर वाऱ्याचे झेंडे ओळीने लावतात आणि ते वाचायला वर्षं घालतात. चिमट्यातला दाणा त्यांनी सोडला, वारा धरला. आपला गृहस्थ याच्या नेमकं उलटं करतो, कारण वारा वाचायचं कौशल्य टपालाने येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: मग तीस-तीस गोळ्या झाडून नीट परीक्षा घ्या की! घेऊ. बारुदाची दहा वजनं, गोळी बसवायची पाच अंतरं, तीन कंपन्यांचे प्रायमर, दोन जातींचं बारूद: जोड्या तीनशे. प्रत्येकीच्या तीस गोळ्या, म्हणजे नऊ हजार. आता वेगवान काडतुसं उडवणाऱ्या नळीचा घसा गरम वायूंनी दोन हजारांच्या आसपासच जळायला लागतो आणि नेम ढळतो. याचा अर्थ साडेचार नळ्या जाळून शेवटी जे सर्वोत्तम काडतूस सापडेल, ते आधीच भंगारात गेलेल्या नळीसाठी सर्वोत्तम असेल. पाचव्या नळीला ते आवडेलच याची हमी नाही. हा हिशेब दाखवला की हॅंडलोडर विजयी मुद्रेने म्हणतो, “म्हणूनच आम्ही तीन झाडतो!” तर्क असा: पूर्ण उत्तर परवडत नाही, सबब चुकीचं उत्तर घेऊ. त्यापेक्षा तीनशे प्रश्न विचारायचेच कशाला? नावाजलेली गोळी, नावाजलेलं बारूद, पुस्तकातलं मधलं माप, अशी दोन-तीन काडतुसं घ्यावीत, त्यांना भरपूर गोळ्यांचा वेळ द्यावा आणि बरं असेल ते पत्करावं. हा सल्ला बिनतोड आहे. याने गॅरेज तीन दिवसांत रिकामं होईल, म्हणून तो कोणी घेणार नाही.

तिसरा आक्षेप आपण टाळू नये, कारण तो खरा आहे. दोष काडतुसाचा कधीच नसतो असं कुठे आहे? असतो, आणि असला तर ठळक असतो. नळीच्या आट्यांचा पीळ गोळीला फिरवतो. लांब गोळीला जास्त पीळ लागतो. कमी पिळाच्या नळीतून लांब गोळी गेली तर ती गरगरत आडवी लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी गोळीची बाजूने पडलेली सावली उमटते. अमेरिकन लष्कराच्या एम-१६ रायफलच्या आधीच्या नमुन्याला १४ इंचांत एक फेरा एवढाच पीळ होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट झाली आणि गोळ्या डगमगू लागल्या, तेव्हा १९६३ मध्ये तो १२ इंचांत एक फेरा असा वाढवावा लागला. हा काडतूस आणि नळी यांच्या जोडीचा खराखुरा दोष, आणि तो शोधायला दाणा चिमट्यात धरावा लागत नाही. ऐंशीच्या दशकात ह्यूस्टनच्या एका लांबलचक गोदामात, वारा नाही, ऊन नाही, अशा जागी व्हर्जिल किंग वगैरे मंडळींनी रात्री-रात्री प्रयोग केले. त्यांची हकिकत १९९३ मध्ये छापून आली. बारुदाच्या वजनातल्या बारीक फरकाचं त्यांना फारसं कौतुक वाटलं नाही, नळीचं आणि हाताच्या एकसारखेपणाचं मात्र फार वाटलं. म्हणजे मोठे दोष मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. बारीक अक्षर वाचायची खोड असलेल्या माणसाला तेच दिसत नाहीत.

उलट उपाय करण्याच्या उत्साहातून दोष निर्माण झाल्याचा पुरावा हवा असेल तर १९२१ च्या कॅम्प पेरीला जावं. ओहायोतल्या या राष्ट्रीय सामन्यांसाठी त्या वर्षी सरकारी कारखान्याने खास काडतुसं दिली. त्याआधीच्या गोळ्यांच्या आवरणातला धातू नळीत गुठळ्या करून बसायचा, म्हणून नेमबाज गोळ्या ग्रीसमध्ये बुचकळायचे. कारखान्याने त्रासाचं मूळच काढलं: गोळीला कथिलाचा मुलामा दिला. आता ग्रीस लावायचं कारण उरलं नाही, आणि लावू नका असं बजावण्यातही आलं. ‘लावू नका’ म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. वर्षानुवर्षं ग्रीसने जिंकलेले लोक लपूनछपून ग्रीस लावतच राहिले. इकडे कथील पुंगळीच्या मानेला आतून चिकटून बसलं होतं, गोळी सुटायला भलतंच बळ लागत होतं. त्यात मानेवर चढलेल्या ग्रीसने तिला फुलून गोळी सोडायला जागा ठेवली नाही. दाब चढला आणि रायफली फुटल्या. मेजर जनरल ज्यूलियन हॅचर यांनी हे प्रकरण पुढे आपल्या पुस्तकात सविस्तर नोंदवलं. दोष आधीच दुरुस्त झालेला असताना त्यावर चालू ठेवलेला उपाय, ही या छंदाची जुनी परंपरा आहे.

या गोंधळात आपल्या कोल्हापूरकरांनी मात्र भलताच सोपा मार्ग धरलेला आहे, आणि तोही नाइलाजाने. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेतलं ते पन्नास मीटरच्या रायफलने. त्या रायफलचं काडतूस पॉइंट टू-टूचं, ज्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या काठातच असतो. एकदा ठिणगी पडली की पुंगळी संपली, पुन्हा भरता येत नाही. लक्ष्याच्या मधलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटर रुंद, आणि काडतुसाला बोट लावायची सोय नाही! या खेळातले लोक मग काय करतात? कारखान्याच्या एकेका घाण्याची काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहतात. लापुआ, एली अशा कंपन्यांची त्यासाठी चाचणी केंद्रं आहेत: रायफल शिकंज्यात आवळायची, माणूस बाजूला, दहा-दहा गोळ्यांची ग्रुपिंगं, आणि जो घाणा नळीला मानवला त्याची पेटी उचलायची. काडतुसाचा प्रश्न तिथे मिटला. त्यानंतर गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून झाडलेल्या गोळ्यांपैकी एखादी नऊला गेली तर मानेच्या जाडीवर ढकलता येत नाही. कोपर कुठे होतं, श्वास कुठे होता, हेच पाहावं लागतं. संशयित विकत घ्यायची सोयच काढून घेतली की माणूस किती लवकर सुधारतो, याचा हा पुरावा मला फार बोलका वाटतो.

शेवटचा आक्षेप प्रेमळ असतो. अहो, हा छंद आहे, कोर्टकचेरी नव्हे. मापात, तासण्यात, तोलण्यातच मजा आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि शोधायची इच्छाही नाही. रविवारची दुपार पितळ चकचकीत करण्यात घालवणारा माणूस त्या वेळात दुसऱ्या कोणाला उपदेश करत नाही, हीच केवढी समाजसेवा. फक्त त्याने ‘घरी भरल्याने पैसे वाचतात’ हे वाक्य घरात म्हणू नये. एका काडतुसामागे पैसे वाचतात हे खरंच आहे. म्हणूनच तो चौपट काडतुसं झाडतो आणि यंत्रांचे हप्ते वेगळे. आणि मजा हवी असेल तर तिला तपास म्हणू नये.

तपासच हवा असेल, तर तो फुकटात होतो आणि हॅंडलोडरइतकी त्याची सामग्री दुसऱ्या कोणाजवळ नसते. एक काडतूस असं भरायचं की त्यात बारूद नाही आणि प्रायमरही नाही, बाहेरून हुबेहूब. मित्राच्या हातात खरी आणि हे खोटं अशी मिसळून द्यायची आणि रायफलमध्ये एकेक त्यालाच भरू द्यायचं, आपण पाहायचं नाही. चाप ओढायचा. खऱ्या काडतुसाच्या धमाक्यात सगळं झाकून जातं. पण खोट्याची पाळी आली की नुसतं ‘टक’ वाजतं, आणि त्या टकच्या वेळी नळीचं तोंड खाली झुकलं असेल, डोळे मिटले असतील, खांदा पुढे आला असेल, तर न झालेल्या स्फोटाला माणूस आधीच दचकलेला आहे. नेमबाजी शिकवणारे ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. तिला काटा लागत नाही, यंत्र लागत नाही, तीन गोळ्यांचं गणित लागत नाही. एका खोट्या काडतुसात निकाल. निकाल लागला तरी अपील असतंच.

“पाहिलंस? टक वाजलं आणि नळी दोन बोटं खाली गेली.”

“पाहिलं.”

“मग?”

“ते खोटं काडतूस मला दे जरा. त्यातली गोळी जास्त खोल बसली असणार, वजन पुढे गेलंय.”